एकट्याने कनू, गळ आणि तंबू: पाऊस सरल्यावर पवनेच्या पाण्यावर दोन रात्री

माझ्या पहिल्या एकट्या फेरीत, दुसऱ्या दिवशी पहाटे तंबूची चेन उघडली तर कनू, माझी छोटी उघडी होडी, जागेवर नव्हती. आदल्या संध्याकाळी मी ती अर्धीच पाण्याबाहेर ओढली होती. दोरी एका झुडपाला नुसती गुंडाळली होती, गाठ मारायचा कंटाळा केला होता. उरलेलं काम रात्रीच्या वाऱ्याने केलं. तासाभराने एक मच्छीमार दादा थर्माकोलच्या तराफ्यावरून फळकुटाने वल्हवत आले, मागे माझी कनू बांधलेली. "जाळ्यात घावली," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे जरा निरखून बघत विचारलं, "एकटेच आलाय? गावात कुणाला म्हाईत हाय का?" कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं जाळं दोन जागी फाटलं होतं, त्याची भरपाई दिली आणि चहा केला. त्यांचा प्रश्न मात्र मुलुंडला घरी येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

तेव्हापासून माझी तयारी काठावरून सुरू होते. आपण कुठे आहोत हे कुणाला माहीत आहे, कुणाच्या जमिनीवर झोपणार आहोत, रात्री आठला निरोप गेला नाही तर कोण हलणार आहे, हे आधी ठरतं. कनू, गळ, तंबू त्यानंतर. पुढचं सगळं याच क्रमाने वाचा.

एक अट आधीच सांगतो. अंगावर कपडे असताना किमान शंभर मीटर पोहता येत नसेल, तर हे दोन रात्रींचं खूळ सध्या बाजूला ठेवा आणि आधी पोहायला शिका. लाइफ जॅकेट तरंगत ठेवतं, काठाला नेत नाही.

पाणी कुणाचं, मासे कुणाचे, जमीन कुणाची

मुंबईला सात तलाव पाणी पाजतात: मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. शहरातून निघाल्यावर सगळ्यात जवळची आणि सगळ्यात मोहात पाडणारी पाणी हीच. तिकडे जायचं नाही. ते आपल्याच नळाचं पाणी आहे, तिथे पहारा असतो, आणि तानसा, विहार, तुळशीभोवती तर संरक्षित जंगल आहे. पवईवर गळ टाकणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, पण ती काठावर बसून, तिथल्या संस्थेचा सभासद म्हणून करायची गोष्ट. शिवाय पवईत मगरी आहेत. कोयनेचा शिवसागर आणि भंडारदऱ्याचा बराचसा परिसर अभयारण्यांना लागून किंवा अभयारण्यातच येतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे गळ टाकणं सरळ अंगाशी येऊ शकतं. मुळशी, वळवण, ठोकळवाडी ही टाटांची वीजनिर्मितीची धरणं.

उरतात ती पाटबंधाऱ्याची धरणं. मी लोणावळ्याजवळचं पवना धरण घेतो, कारण मुलुंडहून रेल्वेने जमतं, आणि तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले चारी बाजूंनी दिशा सांगतात. ढगाळ हवेतही त्यातला एखादा दिसतोच. रान म्हणावं असा तलाव हा नाही, हेही कबूल करतो. शनिवारी रात्री इथे गाण्यांचा धिंगाणा असतो. म्हणून मंगळवार ते गुरुवार जायचं आणि तळ पश्चिमेला, तुंगच्या अंगाने टाकायचा. तिथे रात्री टिटवीशिवाय आवाज नसतो.

पवनेवर तीन वेगवेगळे मालक आहेत आणि तिघांनाही विचारावं लागतं. पाणी जलसंपदा विभागाचं, तेव्हा धरणावरच्या शाखा कार्यालयात नाव, तारखा आणि फोन लिहून द्यायचा आणि होडी घालायला सध्या परवानगी आहे का हे तोंडी नाही, लेखी विचारायचं. मासे ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेचे. तलावात बोटुकली त्यांनी स्वतःच्या पैशांनी सोडलेली असतात, त्यामुळे त्यांना न विचारता धरलेला रोहू म्हणजे दुसऱ्याच्या कुंपणातला आंबा. संस्थेच्या माणसाला भेटा, दिवसाचे पैसे ठरवा, पावती घ्या. जमीन गावकऱ्यांची. धरणात जमिनी गेल्यावर जे वरच्या अंगाला उरलं, त्यावर आता कुणाची भातखाचरं आहेत, कुणाचे तंबू आहेत. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या विरोधात द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. इथे पाणी हा विषय जिव्हारी लागलेला आहे. परक्या माणसाने नमस्कार न करता काठावर तंबू ठोकला तर कुणी चिडलं, यात नवल वाटू नये.

पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि तलावांवर पुणे जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात. निघायच्या आठवड्यात ते अजून लागू आहेत का, हे बघितल्याशिवाय पिशवी भरू नका.

कधी

मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर. ती कागदावरची. परतीच्या पावसाचं वैशिष्ट्य असं की सकाळ काचेसारखी स्वच्छ असते, दुपारी दोननंतर ढग चढतात आणि चार वाजता विजा. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही आणि तुमची गळाची काठी. काठी कार्बनची असेल तर ती विजेला आमंत्रणच देते.

म्हणून माझी खिडकी कोजागिरीनंतर पंधरा दिवसांनी उघडते आणि मार्गशीर्षात बंद होते. दिवाळीचे पाच-सहा दिवस त्यातून वजा, तेव्हा पवनेवर माणूसच माणूस असतो. नोव्हेंबरमध्ये पाणी अजून काठोकाठ असतं, गढूळपणा बसलेला असतो, रात्री पारा पंधरा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतो आणि दव इतकं पडतं की सकाळी तंबू पिळून काढावा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी हे वीज सांगणारं ॲप फोनवर घ्या. पण ॲप काहीही सांगो, गडगडाट कानावर आला की काठ गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही.

कनू आणि लोकल

कनू म्हणजे वरून उघडी, टोकं निमुळती आणि एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी. कयाक बहुधा बंद असते, तिचं वल्हं दुपाती. मुंबईत पावणेपाच मीटरची कडक कनू ठेवणार कुठे? आमच्या सोसायटीत सायकल ठेवायलाही सभा भरते. म्हणून हवेची. माझी घडी करून पिशवीत बसते, वजन पंधरा किलोच्या आसपास. तळाला खाली लावायचं फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं, असलेली घ्या, कारण हवेची होडी पाण्यात कमी आणि वाऱ्यात जास्त असते, आणि फिनशिवाय ती पिंपळपानासारखी गोल फिरते. हवेचे कप्पे किमान तीन हवेत. एक फुटला तरी बाकीचे धरतील.

वल्हं एकपाती घ्याच, पण जोडीला सुटं होणारं दुपातीही बांधून ठेवा. कनूवाल्यांना दुपाती वल्हं कमीपणाचं वाटतं. समोरून वारा आल्यावर मी तो मान गुंडाळून ठेवतो.

रेल्वेचा भाग फार कुणी सांगत नाही, म्हणून जरा तपशिलात. सकाळची पुण्याकडची गाडी ठाण्याहून धरायची, लोणावळ्याला उतरायचं. तिथून लोकलने कामशेत आणि पुढे पवनानगर, किंवा लोणावळ्याहूनच रिक्षा करून दुधिवरे खिंडीतून तलावाच्या उत्तर काठाला. दुसरा रस्ता महाग पण अंगावरचं ओझं वाचवतो. दुपारी लोणावळा-पुणे लोकल विरळ असतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत लोणावळं सोडायचं. सामान दोनच नग करा: पाठीवर कनू, पुढे हातात बाकी सगळं. तीन नग झाले की एक नग फलाटावर राहतो. अनुभव आहे, राहिला तो वल्ह्याचाच होता.

आणि गॅस. रेल्वेने गॅसचं नळकांडं, स्पिरिट किंवा रॉकेल नेता येत नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली दंड आणि कैद दोन्ही आहे. "छोटंच आहे" हे कारण चालत नाही. मी दोनपैकी एक करतो: ज्यांच्या जागेत तंबू टाकणार त्यांच्याकडून सरपण विकत घेतो आणि त्यांच्याच तीन दगडांवर चूल मांडतो, किंवा दोन दिवस न शिजवता भागेल असं खाणं नेतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चुरमुरे, उकडलेली अंडी. पहिल्या दुपारी बटाट्याची भाजी घरची, ती दुपारपर्यंतच टिकते हे लक्षात ठेवा.

उलटायचा सराव

हे सोडून कुणीही पुढे जाऊ नये. दोन रविवार काढा. छातीएवढ्या पाण्यात, सोबत एक माणूस, अंगावर जॅकेट घट्ट बांधलेलं. मुद्दाम उलटा.

पहिलं काम, होडी धरायची. एकटा माणूस पाण्यात पडला आणि होडी हातून सुटली, तर वारा ती माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. म्हणून कनूच्या दोन्ही कडांना हाताची दोरी हवी, आणि वल्हं सुती नाड्याने बांधून ठेवलेलं हवं. दुसरं, पालथी होडी तळाच्या पलीकडची दोरी पकडून आपल्या अंगावर ओढत सरळ करायची. तिसरं, चढायचं. बाजूला धरून उभं राहून उडी मारता येत नाही, पायाखाली काही नसतं. आडवं व्हायचं, पाय पाण्यावर आणून मारायचे, पोट होडीच्या कडेवर सरकवायचं आणि मग लोळत आत. पहिल्या दिवशी मला सात प्रयत्न लागले. चौथ्यांदा जमेना तेव्हा मित्र काठावर बसून भेळ खात होता, त्याने मदत केली नाही, त्याबद्दल त्याचे आजही आभार. आत आल्यावर पाणी उपसायला पाच लिटरच्या कॅनचा तळ कापून केलेला डबा बांधलेला असू दे.

सामान भरल्यावर हाच सराव पुन्हा करा. भरलेली कनू रिकाम्या कनूसारखी वागत नाही.

वल्हवणं जमायला दोन संध्याकाळी पुरतात. एका बाजूला वल्हं मारलं की नाक दुसऱ्या बाजूला वळतं, म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पातं जरासं बाहेर ढकलायचं. वल्ह्याने पाण्यात जणू इंग्रजी J काढल्यासारखं. याला जे-स्ट्रोक म्हणतात. मधोमध किंचित मागे गुडघ्यांवर बसायचं, पाण्याचा कॅन आणि जड पिशवी पुढे. वारा समोरून असेल तर वजन आणखी पुढे सरकवायचं, मागून असेल तर मागे. ही एक गोष्ट कळली की निम्मी दमछाक संपते.

पहिला दिवस, घड्याळासकट

भरलेल्या कनूने एकटा माणूस ताशी तीन किलोमीटर धरतो, समोर वारा असेल तर दीड. नकाशावर अंतर मोजून तीनने भागा आणि आलेल्या वेळेला दुप्पट करा. सकाळी पाणी आरशासारखं असतं. अकराच्या सुमाराला पहिली सुरकुती दिसते, दीड वाजता पांढरे कंगोरे. त्यामुळे तलाव ओलांडायचा असेल तर सकाळी साडेनऊच्या आत. इतर वेळी काठाला समांतर, आपण पोहून जाऊ शकू इतक्या अंतरावर.

पहिल्या दिवशी लोणावळ्याहून पोचेपर्यंतच वारा सुटलेला असतो. म्हणून पहिल्या दिवशी ओलांडू नका. काठाकाठाने पुढे सरका आणि तीनच्या आत तळाच्या जागी लागा. ऑक्टोबर संपता संपता सूर्य सहाला बुडतो, डोंगराआड तो पावणेसहालाच जातो.

पाण्यात दोन गोष्टी बघत राहायच्या. एक, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे एका ओळीत तरंगताना दिसले तर ते मच्छीमारांचं जाळं. संध्याकाळी लावतात, पहाटे काढतात. त्यावरून जाऊ नका, फिन अडकतं आणि कुणाची तरी रात्रीची कमाई फाटते. वळसा घाला, दोनशे मीटरचा पडला तरी. दुसरी, बुडालेली झाडं आणि बांध. पवनेच्या पोटात जुनं वाघेश्वराचं देऊळ आहे, पाणी उतरल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला ते वर येतं. नोव्हेंबरात ते पाण्याखाली असतं. आपल्या खाली कळस आहे हे कळल्यावर वल्हं आपोआप हळू पडतं.

लाटा वाढल्या तर त्या आडव्या घेऊ नका. नाक वाऱ्याकडे तिरकं ठेवून, जिकडे काठ जवळ तिकडे जायचं. आपल्याला जायचंय तिकडे नाही, हे मनाला पटवणं अवघड जातं. उतरून दोन तास झाडाखाली बसण्यात काही जात नाही.

गरवायचं कसं

आमच्या आजोळी, रत्नागिरीकडे, याला "गरवायला जाणं" म्हणतात. गरी म्हणजे गळ. शब्द खाडीचा आहे, मी तो धरणावर वापरतो. आजोबा असते तर हसले असते.

एकट्याने कनूत बसून गरवण्यात एक अडचण आहे. मासा लागला की लक्ष सगळं काठीकडे, आणि होडी कुठे चाललीय याचं भान सुटतं. म्हणून सरळ सांगतो: कनूने जागेपर्यंत जा, काठावर उतरा, कनू ओढून बांधा आणि काठावरून गळ टाका. मोठ्या रोहूची ओढ हवेची कनू फिरवते. होडीतूनच टाकायचा असेल तर वारा नसलेल्या कोपऱ्यात, बसून, आणि नांगर कधीही कडेला नाही, नेहमी नाकाला, एका ओढीत सुटेल अशा गाठीने. उभं राहायचं नाही. मासा हातजाळीत घेताना सगळं शरीर एका बाजूला झुकतं, बहुतेक जण तेव्हाच पडतात.

काठी चार तुकड्यांत सुटणारी, साडेसहा-सात फुटी. रीळ मध्यम. दोरी आठ ते दहा पौंडाची नायलॉनची. वेणीची दोरी बारीक आणि मजबूत असते, पण एकट्याच्या बोटाला गुंडाळली गेली तर कापत जाते, त्यामुळे मी ती टाळतो.

तलावात काय आहे? रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस हे कार्पवर्गातले, सोडलेले. चिलापी आगंतुक, आता सगळीकडे. झाडोऱ्याच्या कडेला मरळ. दगडांच्या फटीत वाम. आणि नशीब असेल तर महाशीर. कर्नल सायक्सने 1839 मध्ये दख्खनच्या महाशीराला शास्त्रीय नाव दिलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे धरणं आणि प्रदूषणाने तो इतका रोडावला की लोणावळ्याजवळ वळवणला टाटांना त्याची बोटुकली वाढवून सोडायचं काम हाती घ्यावं लागलं, आणि ते अनेक दशकं चालू आहे. मोठे खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशा, सोनेरी झाक दिसली की हात ओले करून गळ काढायचा आणि पाण्यातच सोडायचा. फोटोसाठी वर उचलून धरू नका.

पाऊस सरल्यावर कार्पवर्गातले मासे सकाळी उथळात, चार ते सहा फुटांत चरतात. आमिष मी असं करतो: दोन वाट्या कणीक, एक वाटी भाजलेलं बेसन, अर्धी वाटी भरडलेली शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर बडीशेपेची पूड. कोमट पाण्यात घट्ट मळायचं, आणि मळताना कापसाचे थोडे धागे पिंजून घालायचे. नाहीतर गोळी पाण्यात पडताच विरघळते आणि आपण नुसत्या गळाकडे बघत बसतो. बोराएवढी गोळी. आधी त्याच पिठाचे मूठभर चुरे एका जागी टाकून पाऊण तास तिथे फिरकायचं नाही. हा पाऊण तासच सगळ्यात अवघड. मी तेवढ्यात तंबू ताणतो.

चिलापीला गांडूळ पुरे, पण फार लहान गळ लावू नका, पोटात जातो. मरळीसाठी झाडोऱ्याच्या कडेने रबरी बेडूक पाण्यावरून ओढायचा. पावसाळ्यात मरळीची जोडी पिल्लांच्या लालसर घोळक्यावर राखण करत असते, त्या काळात तिला मारणं म्हणजे सगळा घोळका मारणं. नोव्हेंबरात ती चिंता बहुधा नसते, तरी लालसर ढग पृष्ठावर दिसला तर तिथून हला.

गळाच्या टोकाचे उलटे काटे पक्कडीने आधीच दाबून टाका. एक, मासा सोडता येतो. दोन, एकटा असताना गळ आपल्याच अंगठ्यात घुसला तर काढता येतो. घुसलाच तर जाड दोऱ्याचा फास गळाच्या वळणाला अडकवायचा, गळाचा देठ कातडीवर दाबून धरायचा आणि दोरा एका सरळ झटक्यात मागे ओढायचा. हळूहळू ओढलं की नुसतं दुखतं. डोळ्याजवळ, गळ्याशी किंवा सांध्यात असेल तर हात लावू नका, जसा आहे तसा बांधून दवाखाना गाठा.

खायला एक मासा पुरतो. खवले, कल्ले, पोट साफ, हळद-मीठ, थोडं कोकमाचं आगळ, वर तांदळाचं पीठ. तळायला तेल कमी पडलं तर चालतं, धूर जास्त झाला तर चालत नाही. घाण पाण्यात टाकू नका, हे पिंपरी-चिंचवडच्या नळाचं पाणी आहे. पाण्यापासून साठ मीटर लांब खोल खड्ड्यात पुरा, तंबूपासूनही लांब. मावळात बिबट्या आहे आणि त्याच्याआधी गावची कुत्री आहेत. साबणही तलावात नको, भांडी राखेने घासा.

तळ

नोव्हेंबरात पाणी गवताला लागलेलं असतं, उघडी वाळू नसते. काठावर काडीकचऱ्याची जी रेषा दिसते तिच्या किमान दोन मीटर उंच तंबू टाका. भिंतीच्या खाली नदीपात्रात कधीही नाही. भोंगा वाजवून पाणी सोडतात, झोपेत तो ऐकू येईलच असं नाही.

भातखाचरात तंबू नको, कापणी झालेली असली तरी. मावळात इंद्रायणी भात असतो, ज्याचा वाण वडगाव मावळच्याच संशोधन केंद्रातून आला. कापलेल्या पेंढ्या पसरलेल्या असतात, त्यात उंदीर आणि उंदरांमागे घोणस. मी एका मावशींच्या पडवीशेजारच्या माळावर टाकतो. दोनशे रुपये देतो, शिवाय मुंबईहून चहापत्ती आणि त्यांच्या नातवाला वह्या. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "पैसं ऱ्हाऊ द्या, पर रातच्याला बॅटरी लावून दोनदा हात हलवा, मंजे आमाला झोप लागंल." आता तोच आमचा नियम आहे. आठला दोनदा.

तंबू दुहेरी कापडाचा, चेन दोन्हीकडे बंद होणारी. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश अनेकदा कळतही नाही. उघड्यावर सतरंजी टाकून तारे बघायचा मोह होतो. बघा, मग आत जा. बूट सकाळी झटकून घाला. लाल विंचू ओल्या कापडाखाली बसतो. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाने माणसं वाचवता येतात हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय किंवा हात फळकुटाला बांधून हलू न देता बसायचं आणि माणूस बोलवायचा. एकटे असताना चालत जायची वेळ येऊ नये, म्हणूनच मावशींचा नंबर. 108 ला रुग्णवाहिका, 112 ला पोलीस. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र डोंगर-पाण्यातल्या सुटकेसाठी ओळखले जातात, त्यांचा नंबरही घेऊन ठेवा. पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय पाण्यात उतरू नका. लेप्टोचा ताप मुंबईत आपण साचलेल्या पाण्याशी जोडतो, गुरं पाण्याला येतात तिथेही तो होतो. परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तलावाचं आवर्जून सांगा.

आता तो कागद. एका पानावर लिहायचं: कुठे उतरणार, कुठे झोपणार (गाव आणि जमीनमालकाचं नाव), कनूचा रंग, जॅकेटचा रंग, परतीची गाडी. त्याखाली तीन वेळा. रात्री आठला घरी निरोप. आला नाही तर दहाला मावशींना फोन. त्यांना माहीत नसेल तर पहाटे सहाला 112. या कागदाच्या तीन प्रती: घरी, मावशींकडे आणि शाखा कार्यालयात. बायकोला "काळजी करू नकोस" सांगण्यापेक्षा "दहाला हा नंबर फिरव" सांगितलं की तिची काळजी खरंच कमी होते. फोन आणि बॅटरी दोन थरांच्या पाणबंद पिशवीत, शिट्टी जॅकेटला शिवलेली. तुंगच्या अंगाला मोबाईलला रेंज कुठे मिळते आणि कुठे नाही, हे पहिल्याच संध्याकाळी चालून बघायचं. मावशींच्या गोठ्यामागे मिळते.

परत

तिसऱ्या दिवशी पहाटे गळाला हात लावू नका. "एकच टाकतो" म्हणून मी दोनदा वाऱ्यात सापडलोय. उजाडताच तळ आवरा, खड्डे बुजवा, साडेनऊच्या आत पलीकडचा काठ. कनूची हवा सोडायच्या आधी कापडाने पुसा, तळाला चिकटलेली पानवनस्पती तिथेच काढून टाका. एका तलावाची घाण दुसऱ्या तलावात जाते ती अशीच.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी कनू पुन्हा फुगवून सावलीत वाळवायची, नाहीतर घडीत बुरशी धरते. आमच्याकडे जागा एकच, गच्ची. सेक्रेटरी काका दर वेळी वर येतात, कनूभोवती एक फेरी मारतात आणि विचारतात, "हे किती वेळ राहणार?" मी पाचपर्यंत म्हणतो. सहाला उचलतो. मग मावशींना फोन करतो, पोचलो म्हणून.